रोपला माणूस लागतो

"सिंगापूरला तुम्ही काय करायचात?" असं कोणी विचारलं की मी सांगते, "लोकांना भिंतीवर चढवायचे." परवा एका मुंजीत एका बाईंनी फार आपुलकीनं विचारलं, "म्हणजे रंगकामाचं कॉन्ट्रॅक्ट का?" मी हो म्हणून टाकलं. जेवणाच्या पंगतीत कोणाकोणाला समजावत बसायचं! पण इथे पानं मिळाली आहेत तर नीट सांगते.

नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीपायी मी सिंगापूरला गेले. क्लेमेंटीला भाड्याचा फ्लॅट, हातात नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेला डिपेंडंट पास, आणि दिवसभर भिंतींकडे बघत बसायचं. मग म्हटलं, बघायचंच आहे तर चढून तरी बघू. कॉलेजात असताना सह्याद्रीतल्या सुळक्यांवर हातांची सालटी काढून घेतली होती, तेवढ्या भांडवलावर एका क्लाइंबिंग जिममध्ये इन्स्ट्रक्टर म्हणून लागले. जुन्या गोदामाची इमारत, उंच छत, पंख्यांची घरघर आणि सगळीकडे पायमोज्यांचा वास. मालक केल्विन, चिनी वंशाचा सिंगापुरी, बोलायला तुसडा आणि मनानं लोणी. मागच्या दशकातली बहुतेक वर्षं मी तिथेच काढली.

आमच्याकडे दोन प्रकार होते. एक रोपचा, म्हणजे दोराचा. चार मजली घराएवढी भिंत. चढणाऱ्याच्या कमरेला हार्नेस, म्हणजे जाड पट्ट्यांचा कमरबंद, त्याला रोप बांधलेला. तो रोप वर लोखंडी कड्यातून जाऊन खाली येतो आणि खाली उभ्या असलेल्या जोडीदाराच्या कमरेवरच्या छोट्या यंत्रातून जातो. चढणारा वर सरकला की खालचा ढिला रोप ओढून घेतो. याला बिले देणं म्हणतात. चढणारा निसटला तर थोडासा खाली येतो आणि लटकतो, बस. वर पोचला की तो ओरडतो, "टेक!" खालचा रोप घट्ट करतो, मग चढणारा दोन्ही हात सोडून खुर्चीत बसावं तसा मागे रेलतो आणि खालचा त्याला सावकाश उतरवतो. हे मागे रेलणं नवशिक्यांना जाम जमत नाही. चढताना न घाबरलेले लोक तिथे रडतात. एकदा ते अंगात मुरलं की मात्र विचार करावा लागत नाही.

दुसरा प्रकार बोल्डरिंग. भिंत बुटकी, फार तर दीड मजला. रोप नाही, हार्नेस नाही, जोडीदार नाही. बूट घालायचे, हाताला पांढरी पूड चोळायची आणि सुटायचं. खाली जाड गाद्या. प्रत्येक वाटेला 'प्रॉब्लेम' म्हणतात, आणि पोरं गादीवर मांडी घालून तासन् तास त्या प्रॉब्लेमवर काथ्याकूट करत बसतात. डावा पाय आधी की उजवा, यावर मी माणसं हमरीतुमरीवर आलेली पाहिली आहेत.

बुटकी भिंत म्हणून लोकांना वाटतं धोका कमी. अहो, उलट! रोपवर दिवसभर पडा, जमिनीला पाय लागत नाही. बोल्डरिंगमध्ये प्रत्येक पडणं जमिनीपर्यंतच. गादी असते म्हणून जीव वाचतो, पण घोटा, मनगट, कोपर यांना गादी विचारत नाही. रोपचा धोका क्वचित येतो, कोणाची गाठ चुकली किंवा खालच्याचं लक्ष उडालं तर. आणि आला की सगळंच आटोपतं. बोल्डरिंगचा धोका रोज येतो, थोडा थोडा. म्हणून आम्ही आधी चढायला नाही, पडायला शिकवायचो. दोन्ही पायांवर या, गुडघे वाकवा, मागे लोळा, हात छातीशी. हात मागे टेकायचा नाही म्हणजे नाही. पोरं म्हणायची, "कॅन लाह, आंटी," म्हणजे जमतंय हो, आणि पुढच्या आठवड्यात घोट्याला पट्टी बांधून कुबड्यांवर मित्रांना चिअर करायला यायची.

तरीही रोपच्या भिंतीकडची गर्दी हळूहळू गाद्यांकडे सरकत गेली. का, ते मला केतकीनं सांगितलं. ही नागपूरची मुलगी, युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक, क्लेमेंटीला एका खोलीत भाड्यानं राहायची. प्रयोग फसला की तडक आमच्याकडे. मी तिला म्हटलं, "अगं, तुझी उंची चांगली आहे, रोपवर ये की." ती बुटाची पट्टी ओढत म्हणाली, "ताई, रोपला माणूस लागतो. इथे नुसते बूट पुरतात." परक्या गावात आठवड्यातून दोनदा ठरल्या वेळी येऊन आपला जीव हातात धरणारं माणूस आणायचं कुठून? बोल्डरिंगला एकटं येता येतं, आणि तिथे आलं की गादीवर चार जणं भेटतात. ते भलं होतं. पण त्या चार जणांच्या हातात काही नसतं, हेही खरंच.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्यांच्याकडे येते.

श्रीकांत नगरकर आणि माधवी नगरकर. यिशुनला राहायचे, बऱ्याच वर्षांपूर्वी आलेले, दोघंही मूळ पुण्याचे. लग्नाआधीपासून एका रोपवर चढत होते. माझ्यापेक्षा मोठे, म्हणून मी दादा आणि वहिनी म्हणायची. दर रविवारी सकाळी यायचे, डब्यात पोहे किंवा थालीपीठ, आणि मागून नाखुशीनं चालत येणारी त्यांची मुलगी ईशा. ती बाकावर कानात इअरफोनची बोंडं घालून अभ्यास करायची. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत, आणि तेही एका शब्दात.

सगळं जिम "टेक" ओरडायचं. हे दोघं आपले मराठीत. दादा वर पोचले की "घे!" आणि खालून वहिनी "घेतलं!" ते "घेतलं" ऐकल्याशिवाय दादा हात सोडायचे नाहीत. आणि ऐकलं की असे बिनघोर मागे रेलायचे की बघणाऱ्याला हेवा वाटावा. वहिनी खालून टोमणे मारत असायच्या, "लवकर आटपा, वरती काय चहा मिळतोय का?" मी पुष्कळ जोड्या पाहिल्या. रोपवर भांडणाऱ्या, एकमेकांना शिकवणाऱ्या, फोनमध्ये बघत बिले देणाऱ्या. या दोघांसारखी दुसरी पाहिली नाही.

मग वहिनींना कॅन्सर निघाला. नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात उपचार सुरू झाले. चढणं थांबलं, पण त्या यायच्या. म्हणायच्या, "मला चढता येत नाही, यांना उतरवता तर येतं!" बिले देणारा हलका असला आणि वरचा जड, तर वरचा मागे रेलला की खालचा जमिनीवरून उचलला जातो. म्हणून हलक्या माणसाला आम्ही वाळूची पिशवी बांधायचो. वहिनींना आधी एक पिशवी लागली, मग दोन. शेवटी शेवटी पिशव्यांनीही भागेना, तेव्हा मी त्यांच्या मागे उभी राहून त्यांचा हार्नेस दोन्ही हातांनी धरायची. हाताला त्यांची हाडं लागायची. वरून दादा "घे" म्हणायचे, आणि माझ्या पुढ्यातून तो बारीक झालेला आवाज "घेतलं" म्हणायचा. दादांना वरून माहीत असायचं की वजन कोणाच्या हातात आहे. तरी रेलायचे ते वहिनींच्या शब्दावर.

वहिनी गेल्या. नगरकर यायचे बंद झाले.

वर्ष उलटल्यावर एके दिवशी दादा एकटेच दारात उभे. खांदे उतरलेले, दाढी पांढरी. मी पुढे होऊन म्हटलं, "या ना दादा, मी बिले देते." त्यांनी मान हलवली. "नको गं. ते गादीवालं काय असतं, ते शिकव."

शिकवलं. चढण्यात काय शिकवायचं होतं, त्यांनी मलाच शिकवावं असे ते! पडायला मात्र शिकेनात. जुन्या सह्याद्रीवाल्यांचं हे असंच. पडायचं नाही, हेच आम्ही आयुष्यभर शिकलेलो. जमलं नाही की दादा एकेक पकड धरत, पायानं चाचपत मुकाट खाली उतरायचे. गादीवरची पोरं त्यांना 'अंकल' म्हणत मुठीला मूठ लावायची, प्रॉब्लेम समजावून सांगायची. दादा त्यांच्यात बसून केळं खायचे. हळूहळू हसायला लागले. मला वाटलं, चला, माणूस सावरला.

एक निळा प्रॉब्लेम होता, तो त्यांना सुटत नव्हता. एरवी अर्ध्यातून परत फिरायचे. त्या शनिवारी दुपारी मात्र सुटला. मी काउंटरवर बूट पुसत होते. पोरांचा "कमॉन अंकल" असा गलका ऐकून मान वर केली. दादांचे दोन्ही हात वरच्या कडेवर होते आणि चेहरा, काय सांगू, वहिनी असतानाचा चेहरा. पोरांनी टाळ्या पिटल्या. मी खाली बुटाकडे बघितलं, तेवढ्यात तो शब्द आला.

"घे!"

जिममध्ये तो शब्द मी केव्हापासून ऐकला नव्हता. मी मान वळवेपर्यंत दादांनी दोन्ही हात सोडले होते आणि खुर्चीत बसावं तसे ते मागे रेलले होते.

पाठीवरच पडले. पायांवर यायचा, लोळायचा प्रयत्नसुद्धा नाही, कारण ते पडत नव्हतेच, बसत होते. मी धावले. त्यांचे डोळे उघडे, छताकडे. मी म्हटलं, "हलू नका दादा, काही हलवू नका." त्यांनी माझा हात धरला आणि अगदी हळू म्हणाले, "माधवी चिडेल."

मणक्याचं हाड दबलं होतं. नशीब म्हणायचं, पायांतली शक्ती गेली नाही. पण अँब्युलन्स त्यांना घेऊन गेली ती नोव्हेनाच्या त्याच हॉस्पिटलात, आणि ईशा धावत आली ती त्याच लिफ्टनं वर. आता नोकरी करणारी पोरगी, आईएवढी उंच, आईसारखीच किडकिडीत. दादांनी तिला सांगितलं, "पाय घसरला." केल्विनलाही तेच, डॉक्टरांनाही तेच. मी गप्प राहिले. त्यांच्या बायकोचा आणि त्यांचा शब्द होता, तो चव्हाट्यावर मी का आणावा?

दोन-चार दिवसांनी ईशा जिममध्ये आली आणि केल्विनला म्हणाली, मला कॅमेऱ्याचं चित्रण बघायचंय. केल्विननं माझ्याकडे पाहिलं, मग दाखवलं. आमच्या कॅमेऱ्याला आवाज नव्हता. पडद्यावर तिचे बाबा चढले, वर पोचले, हसले, आणि हसत हसत दोन्ही हात सोडून मागे गेले. पाय कुठेही घसरला नव्हता.

ती उठून बाहेर गेली. मी मागोमाग. खाली कॉफी शॉपच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, पुढ्यातली कोपी, म्हणजे तिथली कॉफी, गार होत होती. मी बसले तशी म्हणाली, "ही लेट गो, आंटी. ही वॉज स्मायलिंग." मग एरवी एका शब्दात बोलणारी ती पोरगी भडाभडा बोलायला लागली. बाबा खोटं बोलले. डॉक्टर तिला बाजूला घेऊन विचारत होते, बाबा घरी कसे असतात, कधी काही म्हणाले का. तिनं घरातल्या आईच्या उरलेल्या गोळ्या टाकून दिल्या होत्या. दादा घरी आल्यावर त्यांना एकटं कसं ठेवायचं, हे तिला कळत नव्हतं. "टेल मी स्ट्रेट, कॅन? ही वॉन्टेड टु गो टु हर, राइट?"

माझ्या गप्प राहण्यातून या पोरीच्या डोक्यात काय उभं राहिलं होतं, देवा! मी तिचे दोन्ही हात धरले.

"ईशा, ऐक. ते सोडत नव्हते गं. ते 'घे' म्हणाले."

तिनं मान वर केली.

"मी माझ्या कानांनी ऐकलंय. वर पोचले, आनंदात होते, आणि सवयीनं 'घे' म्हणून मागे रेलले. त्यांना वाटलं रोप आहे. त्यांना वाटलं..."

"ममा इज डाउन देअर," ती म्हणाली.

मग ती रडली. टेबलं पुसणाऱ्या म्हाताऱ्या काकांनी न बोलता कागदी रुमालांचं पाकीट आणून ठेवलं. मीही रडले, लाज कसली.

त्या संध्याकाळी तिनं दादांना विचारलं. ते आधी कबूलच करेनात. जन्मभर रोपवर चढलेला माणूस रोप नसताना रेलला, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? नवशिक्यासुद्धा हसेल! मुलीच्या मनात भलतंच काही आलंय हे कळल्यावर मात्र त्यांचा बांध फुटला. मी भेटायला गेले तेव्हा कुशीवर वळवलेले होते, भिंतीकडे बघत म्हणाले, "वैशाली, एक क्षण मला खरंच ती खाली दिसली गं. मान वर करून उभी. मग मी पाठीवर होतो, आणि ती नव्हती. मला दुसऱ्यांदा कळलं की ती गेली." मी आपली त्यांची चादर सारखी करत बसले.

ईशानं नंतर मला मेसेज केला, बिले शिकवाल का? शिकवलं. हट्टी निघाली, आईवर गेलेली. गाठ तपासणं, रोप हातातून क्षणभरही न सोडणं, परीक्षेत पहिल्या झटक्यात पास. पण उपयोग काय? दादा पाठीचा पट्टा निघाल्यावरही जिममध्ये पाऊल टाकेनात. "झालं माझं आता," एवढंच म्हणायचे. ती दर रविवारी विचारायची, ते दर रविवारी नाही म्हणायचे. यिशुनच्या त्या फ्लॅटमध्ये बापलेक एकमेकांना जपत गप्प बसायचे. ईशा म्हणायची, बाबा रात्री उठून ती घरात आहे की नाही ते बघतात, आणि ती जागीच असते, कारण तीही त्यांचा कानोसा घेत असते.

त्यातच आमच्या गोदामाची लीज संपली. केल्विननं दुसरी जागा पाहिली, एका मॉलमध्ये, छत बुटकं. म्हणजे नुसतं बोल्डरिंग. मी त्याच्याशी भांडले. तो म्हणाला, "रोपला किती लोक येतात, तूच सांग." सांगण्यासारखं काही नव्हतं. सगळ्या शहरात तेच चाललं होतं. उंच भिंतीला जागा लागते, आणि माणूसही लागतो. ज्या कामाचा मला अभिमान होता, म्हणजे एका माणसाला दुसऱ्याचं वजन पेलायला शिकवणं, ते काम माझ्या डोळ्यांदेखत उतरवून ठेवलं गेलं.

मी दादांना फोन केला. म्हटलं, "पुढच्या आठवड्यात भिंत पाडताहेत. वहिनींची भिंत आहे ती. बघायला तरी या."

शेवटच्या रविवारी सकाळी दोघं आले. डॉक्टरांनी गादीवर पडायला कायमची बंदी केली होती, रोपवर एखादा सोपा मार्ग चालेल म्हणाले होते, तेही ईशानं फार मागे लागल्यावर. दादा भिंतीखाली मान वर करून बराच वेळ उभे राहिले. मग ईशाकडे न बघता हार्नेससाठी हात पुढे केला. ईशानं त्यांची गाठ तपासली, त्यांनी तिचं यंत्र तपासलं. ईशाच्या कमरेला मी वाळूची पिशवी बांधली, आणि तरीही मागे जाऊन उभी राहिले. ती म्हणाली, "नो नीड, आंटी." मी म्हटलं, "गप बस," आणि तिचा हार्नेस धरला.

सगळ्यात सोपा मार्ग, मुलांच्या वाढदिवसाच्या पार्टीत वापरायचो तो. दादा सावकाश चढले. ईशा रोप ओढत होती, नीट, न घाई करता. ते वर पोचले. दोन्ही हातांनी वरची पकड धरली आणि थांबले.

आम्ही वाट बघत होतो. दादा बोलेनात. पकड सोडेनात. खाली यायचे असतील तर पकडी धरत उतरतील, असंही मला वाटलं, आणि खरं सांगते, मी मनातल्या मनात हात जोडले, की नको, असे नका उतरू. ईशा वर बघत होती. तिनं रोप घट्ट करून घेतला. "ओके बाबा," ती ओरडली, "कॅन कम डाउन ऑलरेडी."

ते हलले नाहीत. पायाचा घोटा थडथडायला लागला होता, दमलेल्या माणसाचा थडथडतो तसा.

मग वरून आवाज आला. मोठा नव्हता.

"घे."

ईशाची पाठ माझ्या हातांत ताठ झाली. हा शब्द मी तिला शिकवला नव्हता. मी तिला 'टेक' आणि 'गॉट यू' शिकवलं होतं. पण लहानपणी सगळे रविवार तिनं त्या बाकावर काढले होते, आणि कानातल्या बोंडांतून काहीतरी आत गेलंच असणार.

"घेतलं," ती म्हणाली.

दादांनी एक हात सोडला. मग पुन्हा पकडला. "घे," ते परत म्हणाले, आता आवाज फुटला होता. रोप कधीचा घट्ट होता, त्याहून घट्ट होण्यासारखा नव्हता.

"घेतलंय, बाबा," ईशा म्हणाली. "मी घेतलंय. बसा."